परीक्षेची तयारी आणि कृतीतून शिक्षण : आपल्या मुलांना दोन्ही का हवेत?

मुलांना शिकवावे की नाही, हा प्रश्न आपल्या समाजापुढे आता उरलेला नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो स्वतःच्या आयुष्याने कायमचा सोडवून ठेवला आहे. पोटाला चिमटा काढून मुलांना शाळेत पाठविणारे आई-वडील येडशीत आज घरोघरी दिसतात. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. शाळेत गेलेल्या मुलाच्या हाती शेवटी काय पडते, हा तो प्रश्न होय.

या बाबतीत पालकांच्या दोन तक्रारी आमच्या कानावर नेहमी येतात. एक पालक म्हणतात, "शाळेत सारखे प्रकल्प, तक्ते, नाही तर पडद्यावर चित्रे. मग शिष्यवृत्तीला नंबर कसा लागायचा?" दुसरे म्हणतात, "पोराला गाईड तोंडपाठ आहे, पण बाजाराचा हिशेब विचारला की तोंड गप्प." दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. म्हणून कृतीतून शिक्षण, वर्गातील नवी साधने आणि स्पर्धा परीक्षांची तयारी यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

परीक्षा हे दार आहे

प्रथम परीक्षांकडे पाहू. ग्रामीण भागातील गरीब मुलासमोर शालेय वयात प्रामुख्याने तीन परीक्षा येतात.

पहिली महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा. अनेक वर्षे ती चौथी व सातवीला होत असे. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला होऊ लागली आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. या परीक्षेत दोन पेपर असतात. प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तासाचा वेळ मिळतो. पहिल्या पेपरमध्ये प्रथम भाषा व गणित, तर दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी येते.

दुसरी परीक्षा जवाहर नवोदय विद्यालयाची. पाचवीतील मुले सहावीच्या प्रवेशासाठी ती देतात. आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय तुळजापूरला आहे. दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण असे तिचे स्वरूप असून किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आहेत. प्रवेश मिळाला की शिक्षण व निवास यांचा भार घरावर राहत नाही.

तिसरी परीक्षा आठवीतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा. एन.एम.एम.एस. या नावाने ती ओळखली जाते. बौद्धिक क्षमता चाचणीत ९० आणि शालेय विषयांच्या चाचणीत ९० प्रश्न, प्रत्येकी ९० मिनिटे. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात. मजुरी करणाऱ्या घरातील मुलीचे शिक्षण दहावीनंतर थांबते की पुढे चालू राहते, हे कित्येकदा एवढ्याच रकमेवर ठरते.

म्हणून परीक्षांना नावे ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. ज्यांच्या घरी दुसरी दारे उघडी आहेत त्यांनी हे दार नाकारले तरी चालेल. आपल्या मुलांना मात्र याच दाराने आत जायचे आहे.

तरीही हे दार सर्वांसाठी सारखे रुंद असते असे मानू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात याच गोष्टीवर बोट ठेवले होते. केवळ चढाओढीने शिष्यवृत्त्या वाटणे वरवर न्याय्य दिसते, पण मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरण्यास त्याचा उपयोग होत नाही, अशा आशयाचे मत त्यांनी तेथे मांडले. त्याच निवेदनात खेड्यातील शाळांत हिशेब, शेती व आरोग्य यांचे ज्ञान द्यावे, असेही त्यांनी सुचविले होते. संधीचे दार आणि जीवनोपयोगी शिक्षण या दोन्ही मागण्या जोतीरावांनी एकाच कागदावर केल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जीवकाची परीक्षा

बौद्ध परंपरेलाही परीक्षा नवीन नाही. नालंदा महाविहाराच्या द्वारावर द्वारपंडित कठीण प्रश्न विचारीत आणि दहांपैकी दोन-तीन जणांनाच आत प्रवेश मिळे, असे चिनी प्रवासी ह्युएन त्संग याने नोंदविले आहे.

त्याहून बोधप्रद कथा विनयपिटकातील जीवकाची आहे. राजगृहात जन्मतःच उकिरड्यावर टाकून दिलेले हे बालक राजपुत्र अभयाने वाढविले. मोठेपणी जीवक तक्षशिलेस गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. शिक्षण पुरे झाले का, असे त्याने विचारले तेव्हा आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि सांगितले, तक्षशिलेच्या भोवती एक योजन फिर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती दिसेल ती घेऊन ये. जीवक सारा परिसर हिंडला आणि रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही अशी एकही वनस्पती मला दिसली नाही, असे त्याने सांगितले. आचार्यांनी त्याला उत्तीर्ण केले. हाच जीवक पुढे भगवान बुद्धांचा आणि भिक्षुसंघाचा वैद्य झाला.

आता ही परीक्षा होती की प्रकल्प होता? ती दोन्ही होती. आचार्यांनी एका योजनाच्या फेरीत सात वर्षांचा अभ्यास तपासला. प्रत्येक रोपापाशी थांबून 'हे कशाला उपयोगी पडेल?' असे स्वतःला विचारल्याशिवाय ती फेरी पुरी होणारच नव्हती. केवळ पाठांतराच्या बळावर जीवक दोन-चार झुडपे उपटून घेऊन आला असता.

कोलंबियाचा धडा

प्रकल्पाची पद्धत ही काल-परवाची टूम आहे, असा काहींचा समज असतो. तिचे एक मूळ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात तेथे शिकत असताना जॉन ड्युई हे तत्त्वज्ञ त्यांचे प्राध्यापक होते. मूल करण्यातून शिकते आणि शाळा ही लोकशाहीची तालीम असते, हा ड्युई यांचा विचार. 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा त्यांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयातील विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला आणि ते नाव जगभर गेले.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या शिक्षणात दोन्ही अंगे दिसतात. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी.ए., १९१५ साली एम.ए., १९२३ साली लंडनची डी.एससी., अशी परीक्षांची पायरीन् पायरी ते चढले. एकही पायरी त्यांनी तुच्छ मानली नाही. त्याचबरोबर मे १९१६ मध्ये कोलंबियातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. स्वतः प्रश्न उभा करावा, पुरावे जमवावेत, आधीच्या विद्वानांची मते तपासावीत आणि स्वतःचा निष्कर्ष मांडावा, याचे ते उत्तम उदाहरण होय. पदव्यांमुळे त्यांचे म्हणणे जगाला ऐकून घ्यावे लागले आणि शोधक बुद्धीमुळे सांगण्यासारखे काही त्यांच्यापाशी होते.

लातूर आणि परितेवाडी

येडशी रेल्वेच्या ज्या मार्गावर आहे, त्याच्या एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला बार्शी-कुर्डुवाडी. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून या बाजूची गाडी धावे. आता रूळ रुंद झाले. शिक्षणातील दोन प्रसिद्ध प्रयोग या मार्गाच्या दोन बाजूंना घडले आहेत.

लातूरने परीक्षेची तयारी शास्त्र म्हणून विकसित केली. 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर झाले. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, मग चाचण्यांमागून चाचण्या घ्यायच्या, उत्तरपत्रिका तपासून प्रत्येकाला त्याची चूक दाखवायची, हे त्याचे सार. याला केवळ घोकंपट्टी म्हणून हिणवणे योग्य नाही. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचून झाल्यावर स्वतःची चाचणी घेणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. म्हणजे चाचणी हीसुद्धा शिकण्याचीच एक रीत आहे. अडचण एवढीच की, याच तयारीचे पुढे महागडे खासगी वर्ग होतात आणि गरीब घरातील मूल उंबऱ्याबाहेर राहते.

दुसऱ्या बाजूला सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत बार्शीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. मोबाईल त्या चौकटीसमोर धरला की धड्याची चित्रफीत किंवा ध्वनिफीत उघडते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. साध्या वस्तीतील शाळा जगाच्या नकाशावर येऊ शकते, हे यातून सिद्ध झाले. मात्र तेथे कोड छापणाऱ्या यंत्राच्या आधी विचार करणारा शिक्षक होता, हे विसरू नये.

येडशीच्या मुलांनी लातूरची शिस्त आणि परितेवाडीची कल्पकता दोन्ही घ्यावीत, असे आम्हास वाटते. ते कसे, हे एका उदाहरणाने पाहू.

एका पावसाचा प्रकल्प

आपला जिल्हा दुष्काळाचा. पावसाचे मोल येथील लहान मुलालाही कळते. जूनमध्ये मुलांनी सरळ बाजूंचा एक डबा उघड्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले, हे प्रथम समजावून द्यावे. मग शाळेच्या एका खोलीचे छत मोजावे. समजा ते १० मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे आणि एका रात्रीत २० मिलिमीटर पाऊस झाला. छत ६० चौरस मीटर, म्हणून पाणी १,२०० लिटर. एका घराला दिवसाला २०० लिटर पाणी लागत असेल, तर ते सहा दिवस पुरेल. एका छतावरून इतके पाणी वाहून जाते, हे कळल्यावर मुले थक्क होतात.

याच प्रकल्पात क्षेत्रफळ, घनफळ, परिमाणे, सरासरी, आलेख व शेकडेवारी येतात. शिष्यवृत्तीच्या आणि नवोदयच्या गणितातील हेच घटक होत.

आता परीक्षेची बाजू. मुलांनी आपल्याच मोजणीवर चार पर्यायांचा प्रश्न तयार करावा. बरोबर उत्तर १,२०० लिटर. चुकीचे तीन पर्याय कोणते द्यायचे? एक मूल १२,००० देईल, कारण मिलिमीटरला कोणी सेंटिमीटर समजू शकतो. दुसरे १२० देईल, कारण शून्य विसरणारे असतातच. तिसरे ६४० देईल. हा आकडा कोठून आला? कोणी क्षेत्रफळाऐवजी परिमिती ३२ धरली आणि तिला २० ने गुणले. ज्या मुलाला चुकीचा पर्याय का मोहात पाडतो हे कळले, ते परीक्षेत त्या सापळ्यात सहसा अडकत नाही. आठवीच्या शिष्यवृत्तीत तर काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर ठेवण्याची पद्धत आली. तेथे उत्तराचा क्रमांक पाठ करणाऱ्याचा निभाव लागत नाही.

त्यानंतर घड्याळ लावावे. दीड तासात ७५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. नवोदयला ९० सेकंद. एन.एम.एम.एस.ला अवघे ६० सेकंद. पोहायला शिकताना आधी पाण्याची भीती जावी लागते आणि मग वेग येतो. तसेच येथे आहे. समज आली नसताना घड्याळ लावले तर मूल घाबरते, आणि समज येऊनही घड्याळ कधीच लावले नाही तर परीक्षेच्या दिवशी येत असलेले प्रश्नही सुटायचे राहतात. या तिन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही मुलांना सांगून ठेवावे.

येडशीच्या आसपासची पाठ्यपुस्तके

प्रकल्पासाठी पुण्या-मुंबईचे साहित्य आणण्याची गरज नाही. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य आपल्या दाराशी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक वाघ येथे कॅमेऱ्यात टिपला गेला. तो कोणत्या जिल्ह्यांतून आला असेल, नकाशाच्या प्रमाणावरून ते अंतर किती भरते, वाटेत कोणत्या नद्या लागल्या, हे शोधताना पाचवीचा भूगोल आणि गणित एकाच बैठकीत होते. जीवकाप्रमाणे शाळेच्या किंवा विहाराच्या भोवतालच्या वनस्पतींची नोंदवही करता येईल. अभयारण्यातील काही तोडू वा उपटू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे.

येथून जवळच तेर आहे. प्राचीन तगर नगर ते हेच. तेथील त्रिविक्रम मंदिराची विटांची गजपृष्ठाकार वास्तू मुळात बौद्ध चैत्य असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. ते मत कोणत्या खुणांवरून बनले, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहून लिहावे. पाठातील 'चैत्य' हा शब्द मग आयुष्यभर विसरला जाणार नाही.

कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेबांचा मुक्काम तेथील शाळेच्या इमारतीत होता. ती परिषद पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली. तिच्या आठवणी ऐकलेले वृद्ध मात्र आपल्या घरांत आहेत. मुलांनी त्यांना प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. हा भाषेचा, इतिहासाचा आणि कृतज्ञतेचा प्रकल्प ठरेल. आणखी दहा वर्षांनी तो करता येणार नाही.

मोबाईल हा नोकर, मालक नव्हे

२०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. ज्या घरात एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असे, त्या घरातील मूल शाळेपासून तुटले. साधनाची विषमता ही नव्या काळातील विषमता आहे. म्हणून फोन नको म्हणून चालणार नाही, आणि फोन दिला की शिक्षण झाले असेही मानता येणार नाही. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातील तंत्रज्ञानावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याचाही रोख हाच होता. शिकण्यास स्पष्ट मदत होत असेल तेथेच साधन वापरावे आणि त्याने शिक्षकाची जागा घेऊ नये.

आमचा साधा नियम असा. फोन प्रश्नासाठी बाहेर काढावा आणि उत्तर मिळाले की आत ठेवावा. वृद्धांची मुलाखत ध्वनिमुद्रित करणे, पानाचे छायाचित्र घेणे, पुस्तकातील कोडवरून न कळलेला धडा पुन्हा ऐकणे किंवा शासनाच्या 'दीक्षा' ॲपवरील पाठ पाहणे, ही त्याची कामे. मात्र सराव प्रश्नपत्रिका कागदावर, पेनाने आणि गोल रंगवूनच सोडवाव्यात, कारण परीक्षा तशीच होते. तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. पडद्यावर दिसलेल्या गोष्टीलाही हाच निकष लावण्याची सवय मुलांना जडली पाहिजे.

वर्षाची आखणी

शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत धरली, तर वर्षाचे तीन भाग पाडावेत.

जून ते सप्टेंबर : मुख्य भर प्रकल्पांवर. महिन्यास एक प्रकल्प पुरे. प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी मुलांनी स्वतः दहा प्रश्न तयार करून एकमेकांना सोडवायला द्यावेत.

ऑक्टोबर ते डिसेंबर : निम्मा वेळ प्रकल्प व शाळेचा अभ्यास, निम्मा वेळ घटकवार सराव. आठवड्यातून एक छोटी चाचणी. बुद्धिमत्ता चाचणीचा सराव रोज थोडा थोडा.

जानेवारी व फेब्रुवारी : पूर्ण प्रश्नपत्रिका वेळ लावून. प्रत्येक पेपरनंतर 'चुकांची वही' भरावी. तिच्यात तीनच रकाने असावेत : माहीत नव्हते, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. पहिल्यावर पुन्हा शिकवणे, दुसऱ्यावर सावकाश वाचन आणि तिसऱ्यावर सराव हा उपाय. तिन्हींवर एकच औषध, म्हणजे 'अजून अभ्यास कर', देऊन गुण येत नाही.

नवोदय आणि एन.एम.एम.एस. देणाऱ्या मुलांनी हीच आखणी दोन महिने अलीकडे घ्यावी. तारखा दरवर्षी शाळेतून विचारून घ्याव्यात आणि अर्जासाठी लागणारे जातीचे व उत्पन्नाचे दाखले जूनमध्येच तयार ठेवावेत. दाखल्यावाचून हुशार मुलाची संधी हुकावी, यासारखे दुःख नाही.

आपल्या संस्थेचे काम

हे सर्व एकट्या शिक्षकाने किंवा एकट्या आईने करणे कठीण आहे. येथे संस्थेने पुढे यावे. विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासवर्ग भरवावा. समाजातील महाविद्यालयीन मुला-मुलींनी तेथे आळीपाळीने शिकवावे. नोकरदार बांधवांनी एक जुना पण चालू स्मार्टफोन आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच द्यावेत. हा फोन विहाराच्या कपाटात राहावा, म्हणजे ज्या घरी फोन नाही त्या मुलालाही तो वापरता येईल. मोजपट्टी, डबा, नकाशा आणि घड्याळ एवढ्या सामानावर वर्ग सुरू होतो. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात गुणवंतांच्या सत्काराबरोबर उत्तम प्रकल्प करणाऱ्या मुलांचाही सत्कार व्हावा, ही आमची सूचना आहे. समाज ज्याचा सत्कार करतो, ते मुलांना मोलाचे वाटू लागते.

विद्यार्थी मित्रांनो, गुण मिळवण्यात कमीपणा मानू नका आणि गुण मिळाले म्हणजे ज्ञान मिळाले असेही समजू नका. एका परीक्षेचे दार उघडले की पुढे दुसरे असते, आणि शेवटच्या दारापलीकडे प्रश्नपत्रिका नसते. तेथे दवाखान्यातला रुग्ण, कोरडी पडलेली विहीर, न्याय मागायला आलेला माणूस असे प्रश्न समोर उभे राहतात. त्यांना चार पर्याय दिलेले नसतात. त्या दिवसाची तयारी येडशीच्या पावसात ठेवलेल्या डब्यापासून सुरू करता येते. येत्या जूनमध्ये ती आपण सुरू करू या.

जयभीम!